दूध वर येईपर्यंत

कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली
दि. २ एप्रिल २००४

ती. सौ. नीलांबरीताईस,
राधिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा खोकला थांबला का? इकडं सगळे खुशाल. हळद शिजवणं उरकलं, आता वाळवण चालू आहे. माझे हात कोपरापर्यंत पिवळे झालेत, पण मनाचा रंग निराळाच आहे. उघडच लिहिते. धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो.

या महिनाअखेर वसमतला बचत गटांचा मेळावा आहे. नांदेड-परभणीचे व्यापारी येणार. प्रत्येक गटातल्या एका बाईनं उभं राहून अर्ध्या मिनिटात आपली नि आपल्या मालाची ओळख करून द्यायची, की घंटा. आमच्या गटानं कुणाला निवडलं असेल? अंजलीला! का, तर ती हिंगोलीची, बारावी झालेली, चटचट बोलते. हळद शिजवायची मी, निवडायची मी, अन् मिरवायचं तिनं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, की थोरलीलाच बोलू द्या, न्हाई तर ती वर्षभर तोंड फुगवून राहील. अंजली लगेच हसून हो म्हणाली. ते हसणं तर मला जास्तच लागलं.

आता हट्ट केला खरा, पण बोलू काय? तुमच्या औरंगाबादच्या ऑफिसात पोरांना असलं बोलणं शिकवतात ना? मला अर्धं मिनिट लिहून पाठव. अंजलीपेक्षा भारी पाहिजे.

भावजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
राधिका


औरंगाबाद
दि. ९ एप्रिल २००४

चि. सौ. राधिकास,
अ. उ. आशीर्वाद.

खोकला गेला, पण तुझं पत्र वाचून हसताना पुन्हा उसळला. लहानपणी माझ्या परकराला शाळेतल्या बाईंनी नक्षी काढून दिली, तर तू दोन दिवस जेवली नव्हतीस. तुझं पोट अजून तिथंच दुखतं म्हणायचं!

आता ऐक. आमचे साहेब नव्या मुलांना सांगतात, की लिफ्टमध्ये मोठा माणूस भेटला, तर वरचा मजला यायच्या आत आपण कोण, काय करतो, आपलं वेगळेपण काय आणि आपल्याला काय हवं, एवढं त्याला कळलं पाहिजे. बाकी सगळा फापटपसारा. तू आधी पूर्ण नाव स्पष्ट सांग. मग हळद. मग तुझ्या हळदीत असं काय आहे जे दुसऱ्यांच्यात नाही. शेवटी सरळ माल मागवा म्हणून सांग. सोबतच्या चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या आहेत. कुरुंद्यात लिफ्ट नाही, तेव्हा चुलीवर दूध ठेव आणि ते वर येईपर्यंत बोलून संपव.

आणि अंजलीशी गोड वाग. मला तर ती बरी वाटते.

तुझी पोटदुखी लवकर थांबो, हाच आशीर्वाद.

तुझी,
ताई


कुरुंदा
दि. ३० एप्रिल २००४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शहरात गेलीस अन् सगळं विसरलीस! आधी पूर्ण नाव सांग, असं लिहिताना तुला आठवलं नाही का, की पूर्ण नावात ह्यांचं नाव येतं? दूध वर येईपर्यंत मी रोज सगळं बरोबर म्हणत होते, कारण चुलीपुढं कुणी नसायचं. वसमतला पहिल्याच रांगेत मामंजी बसलेले. मी राधिका म्हटलं, अन् जीभ टाळ्याला चिकटली. सासऱ्यापुढं नवऱ्याचं नाव नुसतं कसं घेऊ? मग तोंडातून आपोआप उखाणा निघाला:

कुरुंद्याच्या रानात हळद डोले दाट,
परमेश्वररावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

सगळा मंडप हसला. टाळ्या पडल्या अन् घंटा झाली. माल सांगायचा राहूनच गेला. मी खाली मान घालून उतरले.

तेवढ्यात अंजली जागेवरच उभी राहिली. म्हणाली, की ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. शिजलेल्या हळदीत काडी घालून बघतात. एकही कच्चं हळकुंड पुढं जाऊ देत न्हाईत. त्यापायी मला रोज बोलणी बसतात, पण आमच्या हळदीचा रंग तुमी दुसरीकडं आणून दाखवा. परत सगळे हसले. ताई, दूध वर यायच्या आत तिचं संपलंसुद्धा! नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं तिथंच माल मागितला. मागताना म्हणाला काय, तर राधिकाबाईंची हळद द्या.

घरी सगळ्यांनी माझं कौतुक केलं, अन् मी मात्र चुलीमागं बसून रडले. बोलण्यात ती पुढं, हे मी कसंबसं गिळलं होतं. आता चांगुलपणातही तिनं मला मागं टाकलं. हे कसं गिळू?

जूनमध्ये हिंगोलीला असाच मेळावा आहे. मी पुन्हा हट्ट करून उभी राहणार आहे. पण या वेळी ओळख माझी नको, तिची लिहून पाठव. ती नसती तर आमचा माल पोत्यातच राहिला असता, हे सगळ्यांपुढं सांगते, मग बघू कोण कुणाला हरवतं. तिला मात्र यातलं अक्षरही कळवू नको.

माझ्या जळकेपणासकट मला पदरात ठेव.

तुझी,
राधिका


कुरुंदा
दि. २१ मे २००४

ती. सौ. नीलांबरीताईंस,
अंजलीचा सा. न. वि. वि.

न विचारता पत्र लिहिते आहे, रागावू नका. जाऊबाईंना तुमचं पत्र आलं, की त्या आडोशाला जाऊन वाचतात आणि एकट्याच हसतात. मला बहीण नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांचा फार हेवा वाटतो.

लिहायचं कारण वेगळं आहे. वसमतहून आल्यापासून जाऊबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. तिथं मी न विचारता मध्ये बोलले, ते त्यांना लागलं असणार. दूध चुलीवर ठेवतात, लांबून माझ्याकडं बघतात आणि ओठ हलवतात. मी जवळ गेले की गप्प. परवा दूध उतू गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पुटपुटण्यात फक्त माझं नाव ऐकू आलं. पुढं काय म्हणतात, देव जाणे. शिव्याच देत असतील.

माझं काय चुकलं, ते त्यांनी तुम्हाला कळवलंच असेल. तेवढ्या दोन ओळी मला लिहाल का? त्या निमित्तानं मलाही तुमचं एक पत्र येईल.

लहान बहीण समजून सांभाळून घ्या, एवढंच मागणं.

आपली,
अंजली