शेवटच्या हप्त्यानंतर

भवानी पेठ, सोलापूर
२४ ऑगस्ट १९७८

प्रिय,

दोन वर्षांत तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मी 'शरणु शरणार्थ' असा नमस्कार लिहिला. लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या शरणम्माकाकूंनी तसंच शिकवलं होतं. आज 'प्रिय' लिहिलं, आणि नंदा वाचेल म्हणून आधी कागद पालथा घातला, मग पुन्हा सरळ केला. वाचू दे. पोरगी सात वर्षांची झाली. तिच्या आईनं तिच्या बापाला एकदा तरी प्रिय म्हटलेलं तिला माहीत असलं तर बिघडलं कुठं? नेहमीच्या निळ्या हवाई पत्रात आज मावणार नाही म्हणून रेघांचे कागद घेतलेत. जास्तीचं तिकीट लागेल. लागू दे.

आधी चांगली बातमी. धोंडप्पा सावकारांचं देणं फिटलं. परवाच्या श्रावणी सोमवारी तुमच्या ड्राफ्टच्या पैशांत माझे भाकरीचे पैसे घातले आणि सकाळीच सात रस्त्याजवळच्या त्यांच्या पेढीवर गेले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, कपाटातून तुमच्या सहीची चिठ्ठी काढली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "बाई, तुमच्याएवढं नियमित कुणीच न्हाय बघा. पुढं कधी लागलं तर संकोच करू नका." चांगल्या मनानंच म्हणाले असतील, पण माझ्या अंगावर काटा आला. चिठ्ठी तिथल्या तिथं फाडली. वाटलं होतं, पायऱ्या उतरताना मला रडू तरी येईल नाहीतर हसू तरी येईल. यातलं काहीच झालं नाही. थोडा वेळ सात रस्त्यावर उभी राहून रहदारी बघत राहिले. या दिवशी रिक्षानं घरी यायचं आणि दारातूनच तुमच्या आईंना हाक मारून सांगायचं, असं मी कितीतरी दिवस मनात ठरवून ठेवलं होतं. रिक्षावाल्यानं विचारलंही. नको म्हटलं आणि चालत आले.

हे सगळं सुरू कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. वाईट असं कुणी काही केलंच नव्हतं. गिरणीत फिटर म्हणून तुमचा पगार बरा होता. तुम्हाला घरी रिकाम्या हातानं यायला आवडायचं नाही. आधी रेडिओ आला. मग गल्लीत सगळ्यांकडे स्टीलची भांडी दिसायला लागली, म्हणून आपल्या पितळेच्या जागी स्टील आलं. मग शिलाई मशीन, छताचा पंखा, गड्ड्याच्या जत्रेत माझ्यासाठी घेतलेली ती जांभळी इरकल. सगळं हप्त्यावर. "आठवड्याला पाच रुपये तर द्यायचे, कळणारसुद्धा नाही," असं तुम्ही म्हणायचात आणि मलाही ते पटायचं. मला आवडायचं हो ते सगळं. पंख्याखाली नंदाला घेऊन झोपायचे तेव्हा मी स्वतःला राणीच समजत होते. मग गिरणी चार महिने बंद पडली आणि ते पाच-पाच रुपये सगळे एकदम दारात येऊन उभे राहिले. भांडीवाल्याला द्यायला तुम्ही धोंडप्पांकडून आणलेत, धोंडप्पांचं व्याज द्यायला भिशी उचललीत, आणि भिशी भरायला पुन्हा धोंडप्पांकडे गेलात. आपण देणं देत होतो आणि देणं वाढत होतं. रात्री तुम्ही कूस बदलत राहायचात आणि मी झोपेचं सोंग घ्यायचे.

रेडिओ न्यायला दुकानाची माणसं आली ती संध्याकाळ तुम्ही पत्रात कधी काढली नाहीत. मीही काढली नाही. सगळी गल्ली ओट्यावर होती. तुम्ही भिंतीवरची एरियलची तार स्वतः सोडवलीत, तिची नीट गुंडाळी केलीत, "हे राहिलं बघा" म्हणून त्या माणसाच्या हातात दिलीत आणि आत येऊन मोरीत तोंड धूत बसलात. फार वेळ. आईंनी मला खुणेनं सांगितलं, जाऊ नको आत. त्याच रात्री आपण तिघं जमिनीवर बसलो आणि कुणाचं किती ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो. मी म्हटलं, आधी धोंडप्पांचं फेडू, तिथं महिन्याला शेकडा पाचनं व्याज जातंय. तुम्ही म्हणालात, आधी बारकी देणी मिटवू, निदान दारात उभी राहणारी माणसं तरी कमी होतील. मी भांडले. पण तुमचंच बरोबर होतं. कापडवाला आणि भांडीवाला यायचे बंद झाले तेव्हा आई पुन्हा संध्याकाळी ओट्यावर बसायला लागल्या.

तरीही धोंडप्पांचा डोंगर उरलाच. मग मुंबईचा तो एजंट, मस्कत, दोन वर्षांचा करार. आई म्हणाल्या, "दोनच वर्षं की गं. पोर मोठी हुईपर्यंत निघून जातील." तुम्ही मान हलवलीत. ठरलं.

तुम्ही गेल्यावर मी काय केलं ते तुकड्या-तुकड्यानं कळवलंच आहे. उधारी बंद म्हणजे बंद. पहिल्या महिन्यात चन्नप्पा वाण्याला रोख पैसे दिले तर तो म्हणाला, "वहिनी, रागावलाव काय आमच्यावर?" सुगीत ज्वारीचं पोतं भरून घेतलं. भाड्याचे, शाळेचे, किराण्याचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवले, आणि धोंडप्पांच्या डब्याला कशासाठीही हात लावायचा नाही असा नियम केला. कडक भाकरी नि शेंगाचटणीचं काम सुरू केलं ते खरं आईंच्या जिवावर. मी थापायचे, त्या चुलीपुढं बसून वाळवायच्या. माझी एखादी जाड झाली की म्हणायच्या, "काय करूलालीस गं, ही भाकरी हाय का पाट?" खाणावळवाले घरी येऊन न्यायला लागले तेव्हा त्यांना केवढं कौतुक! गल्लीत सांगत फिरायच्या, आमच्या घरात आता दोन पगार येतात म्हणून.

आता लिहिते ते मी तुम्हाला कळवलेलं नाही. तारेत लिहिता आलं नाही, आणि पुढच्या पत्रांत लिहायचं धाडस झालं नाही.

आई 'अचानक' गेल्या असं मी लिहिलं होतं. अचानक नव्हतं ते. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली त्या सुमारास त्यांना दम लागायला लागला. चुलीपुढून उठताना भिंत धरायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "धूर लागलाय, दुसरं काय?" मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यातही तेच. छातीत दुखायचं ते त्यांनी मला सांगितलंच नाही. शरणम्माकाकूंना सांगितलं, आणि वर शपथ घातली: "गिरिजाला बोलू नको, ती डब्यातनं पैसे काढंल. एवढं फिटत आलंय, माझ्यापायी मोडायला नको." काकूंनी शपथ पाळली. शेवटी त्या मोरीजवळ पडल्या तेव्हा मी त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी आणायला हवं होतं." टांग्यात त्या माझा हात धरून म्हणत होत्या, "भाड्याचं आधी ठरीवलीस का? लई घेतात हे." ते त्यांचं शेवटचं बोलणं. मी ठरवलं नव्हतं. त्यांना म्हटलं, ठरवलंय, आठ आणे. तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले.

तुमचा पासपोर्ट कंपनीकडे होता, सुटी मिळत नव्हती, हे मला कळत होतं. विधी करायला जंगमस्वामी आले, गल्लीतल्या संगप्पांनी मुलाच्या जागी उभं राहून सगळं केलं. तुम्ही जास्तीचा ड्राफ्ट पाठवलात. तो हातात घेऊन मी दिवसभर बसले होते. एवढेच पैसे महिनाभर आधी आले असते तरी काही झालं नसतं, हेही मला कळत होतं. आले असते तरी आईंनी ते धोंडप्पांच्याच डब्यात टाकायला लावले असते. काटकसर आपणच त्यांना शिकवली आणि त्या आपल्यापेक्षा चांगली शिकल्या. कुठं थांबायचं ते तेवढं आपल्यापैकी कुणीच सांगितलं नाही. तुम्हाला दोष देत नाही. स्वतःला देऊन बघितला, पुष्कळ दिवस दिला. त्यानं काही परत येत नाही. आता नंदाला साधी शिंक आली तरी मी डॉक्टरकडे नेते. ते हसतात मला.

नंदाचंही सांगते. शाळेत बाईंनी प्रत्येकाला विचारलं, वडील काय करतात. कुणी म्हणालं गिरणीत आहेत, कुणी म्हणालं दुकान आहे. आपली उभी राहून म्हणाली, "माझे बाबा ड्राफ्ट पाठवतात." बाईंनी मला गंमत म्हणून सांगितलं. मीही हसले. घरी येऊन भाकरी थापायला बसले तर पिठात पाणी किती घालायचं तेच सुचेना.

तुमचं पत्र आणि त्यातले कागद गेल्या बुधवारी मिळाले. कंपनी करार आणखी दोन वर्षं वाढवते आहे, पगारही वाढेल, पुढच्या महिनाअखेरपर्यंत होय-नाही कळवायचं आहे. होटगी रस्त्याकडे प्लॉट पडताहेत, आत्ता थोडे भरायचे आणि बाकीचे दहा वर्षं हप्त्यानं, अर्ज माझ्या नावानं करायचा. तुम्ही नकाशाही काढून पाठवलात: पुढं व्हरांडा, मागं विहीर, आणि एका खोलीवर 'रेडिओ' असं लिहिलंय. तुम्हाला हे घर का हवं ते मला कळतं. त्या संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या माणसांना तुम्हाला ते दाखवायचं आहे. पण अहो, त्यांतल्या कुणाला ती संध्याकाळ आठवतसुद्धा नाही. समोरच्यांची गिरणीतली नोकरी गेली, कोपऱ्यावरच्यांनी लेकीच्या लग्नासाठी घर गहाण टाकलं. प्रत्येकाला आपापलं पुरेसं आहे. ती तार अजून गुंडाळत बसलेले तुम्ही एकटेच आहात.

काल मी त्या प्लॉटच्या कचेरीत गेले होते. कारकून मुलगा चांगला होता. त्यानं खुर्ची दिली, अर्ज पुढे ठेवला, सही करायची जागा बोटानं दाखवली. मी पेन हातात घेतलं. मग त्याला विचारलं, यातला एखादा हप्ता चुकला तर काय होतं? तो म्हणाला, "दंड लागतो, पण तुमचे मिस्टर परदेशात आहेत ना, मग तुम्हाला काय काळजी?" मी पेन खाली ठेवलं आणि उठले. सही केलेली नाही. तुम्ही त्यासाठी पाठवलेले पैसे पोस्टात तुमच्या नावावर ठेवलेत, ते आपले आहेत आणि कुणाचे नाहीत. घरी येताना संगप्पांकडे थांबले. त्यांनी मागच्या गल्लीत चार पॉवरलूम टाकलेत आणि त्यांना भरवशाचा फिटर मिळत नाही. पगार मस्कतच्या पासंगालाही लागणार नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. मी त्यांना विचारून ठेवलंय, शब्द दिलेला नाही. तो तुम्ही द्यायचा. त्यांचा पगार आणि माझी भाकरी मिळवली तर भाडं, शाळा, किराणा, डॉक्टर, सगळं बसतं. मी मांडून बघितलं. थोडेसे उरतातही.

हे पत्र मी याचसाठी लिहितेय. नव्या करारावर सही करू नका. एवढं एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, कारण मी तुमच्याकडे कधी काही मागितलेलं नाही. तुम्हीच न मागता आणत आलात, आणि मी घेत आले. आता मागते. सही करून मोकळे झाला असाल तर तसं स्पष्ट लिहा, वर काही वस्तू पाठवू नका. मी रडेन आणि मग राहीन. पण केली नसेल तर ऑक्टोबरमध्ये या. एक सांगते, तयारी ठेवा. दार उघडल्यावर नंदा तुमच्याकडे धावत येणार नाही. माझ्या मागं लपेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, उंबऱ्याशी बसा थोडा वेळ, ती येईल. तुम्हाला पाठवायचं ठरवलं तेव्हा आपण तिघं होतो. परत या म्हणायला मी एकटीच उरले. आईंच्या नि माझ्या, दोघींच्या वतीनं म्हणते. या.

तुमचीच,
गिरिजा