फुलदाणीखालचा चौरंग

॥ ॐ नमः शिवाय ॥
हैदराबाद

सौभाग्यवती भागम्मा हीस महालिंगचे सप्रेम शरणार्थ.

शिवकृपेने प्रकृती सुधारते आहे. औषधाची वेळ सूनबाई रुद्राणी चुकू देत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? अंगणातील बेलास पाणी घालतेस ना?

फोनवर एक गोष्ट सांगितली नव्हती. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा हात कापतो. इष्टलिंग त्याच तळहातावर घेऊन पुजावयाचे. ते भूमीवर पडेल या भयाने मी पूजाच थांबवली होती. गळ्यातील लिंगास नुसता नमस्कार करी.

रुद्राणीने दिवाणखाना जुन्या चिनी वस्तूंनी सजवला आहे. निळ्या नक्षीची फुलदाणी ज्या तांबड्या लाखकामाच्या चौरंगावर असे, त्यास ती नवऱ्याला, महांतेशलाही हात लावू देत नाही. काल तिने स्वतःच फुलदाणी खाली उतरवली, चौरंगावर घडीची शाल अंथरली आणि माझे कोपर त्यावर टेकवले.

मी शंका काढली, "लाख म्हणजे किड्यांची. पूजेत कशी चालेल?"

"मामा, चीनची लाख झाडाच्या चिकाची असती. बेलावानी झाडच की ते! बसा आता मुकाट्यानं."

आपल्या परंपरेत तळहात हेच लिंगाचे पीठ. त्या पीठालाही आधार लाभला. लिंग हलले नाही. डोळे मात्र भरून आले.

हात बरा होताच चौरंग परत करीन म्हणालो, तर हसली. "राहू द्या की, मामा. फुलदाणीचा हात कुटं कापायलाय?"

तेव्हा भागम्मा, तूही चिंता सोड. घरातील सर्वांस आशीर्वाद.

शिवचरणी लीन,
महालिंग