मेधाने सही केली नाही

गुरुवार, २० नोव्हेंबर

मेधाही नाही म्हणाली. इथल्या काउंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागासाठी, जज निवडणाऱ्या आणि त्यांची बढती ठरवणाऱ्या आमच्या समितीत वकिलाची एक जागा कधीची रिकामी आहे. नकार देणारी ती पाचवी. भाडेकरूंच्या केसेस लढणारी, मला लहानपणापासून काकू म्हणणारी. ती तरी येईल असं का धरून चालले मी?

दुपारी तिच्या ऑफिसात गेले. तिने फॉर्म नीट वाचला, पेनचं टोपणही काढलं. ते उघडं पेन डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग म्हणाली, "काकू, मी एखाद्या जजचं प्रमोशन अडवलं, तर उद्या त्याच्याच कोर्टात माझा क्लायंट उभा असेल."

"म्हणून तर तुझ्यासारखी हवी."

"तिथे तुमचं ऐकतात? ऑनेस्टली?"

तीन वर्षं बसतेय मी त्या समितीत. नावं आधीच ठरलेली असतात, आम्ही फक्त हात वर करतो. हो म्हटलं असतं तर तिने सही केली असती. पेन हातातच होतं तिच्या.

"नाही," मी म्हटलं.

तिने फॉर्म परत दिला. गाडीपर्यंत सोडायला आली, तेव्हा हळूच म्हणाली, "मग तुम्ही का जाता, काकू?"

मी फॉर्म बाजूच्या सीटवर ठेवला आणि गाडी सुरू केली. तो अजून तिथेच आहे.