नागूबाईच्या नावावरचा ताप

जळकोट,
गुरुवार, २२ जुलै २०२१

चि. मंजुषा हिस,

दादाचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. गुंडाप्पा उद्या गिरणीची सुताची गाडी घेऊन सोलापूरला येतोय, त्याच्या हाती देतो. आईचा गुडघा बरा आहे. ती रोज विचारते, "मंजूची नर्सची ड्युटी अजून त्याच कोरोनाच्या वॉर्डात हाय का?" मी म्हणतो, व्हय. आपलं भांडण तिला सांगितलेलं नाही.

गिरणी सुरू होऊन दीड महिना झाला. दारात कपाळावर ताप मोजायची बंदूक, हातावर सॅनिटायझर, आणि आत गेलं की सगळं पहिल्यासारखं. खिडक्या बंद, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. यंत्रांचा आवाज असा, की शेजारच्याला ओरडून ऐकू जात नाही. तुला ठाऊक आहे, आमच्याकडं बोलायचं म्हणजे कानाला तोंड लावूनच. मास्क खाली ओढायचा, बोलायचं, परत वर. मॅनेजरनं भिंतीवर सहा फूट अंतराचा फलक लावला. त्याच फलकाखाली माणसं अशी बोलत उभी असतात.

युनियनतर्फे मी आधीच मागण्या लिहून दिल्या होत्या. एकाआड एक यंत्र चालवा, मधून मधून खिडक्या उघडा, ताप आलेल्याला पगारी रजा द्या, आजारातून उठलेल्याला महिनाभर बसून करायचं काम द्या. त्यांनी उलट हमीपत्र पुढं केलं: 'मी माझ्या जबाबदारीवर कामावर येत आहे.' म्हणजे मरायचं आम्ही, आणि त्यावर सहीही आमचीच! सात जूनला, गिरणी उघडली त्या दिवशी, एकानंही सही केली नाही.

पुढच्या आठवड्यात नऊ जण आजारी पडले. बसप्पा सतरा दिवस ऑक्सिजनवर होता. आणि मॅनेजरला दोषी सापडली: नागूबाई, यंत्राखालचा कापूस झाडणारी. भावाच्या दहाव्याला ती बेंबळीला जाऊन आली होती, एवढाच पुरावा. तिची साधी तपासणीही कुणी केली नाही. येत्या सोमवारी सकाळी दहाला तिची चौकशी आहे. तिला काढलं, की आजार आमच्याच माणसानं आणला हे कागदावर येतं. मग मागण्या कचऱ्यात.

मी तिच्या बाजूनं गेटवर तीन भाषणं केली. टाळ्या पडल्या. तिसऱ्यानंतर ती झाडू काखेत धरून जवळ आली.

"बाबा, तुमी लई चांगलं बोलता. पर आता बास करा. तुमी माझं नाव घेतलं की समदे वळून माझ्याकडंच बघतेत. नळावर घागर लावू देईनात मला."

मी म्हणालो, "नागूबाई, सत्य तुमच्या बाजूनं आहे."

"आसंल. मग ते कुठं बसलंय? येऊ द्या की त्याला."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

काल बसप्पा घरी आला. दोन घरं चालला की भिंतीला टेकतो. आईनं चहा दिला. त्यानं कप रिकामा केला. आई आत गेल्यावर म्हणाला, "भाऊ, एक इचारू? त्या दिशी तुमी माझ्या कानात सांगितलं, सही करू नको म्हणून. तवा तुमचा श्वास लई कढत लागला व्हता."

मी त्याचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"म्या कुणाला बोललो न्हाय. बोलणार बी न्हाय. नागूबाईचं काय व्हायचं ते व्हईल. युनियन टिकली पायजे. तुमीच शिकवलंय."

हे मी शिकवलंय! वीस वर्षं पुस्तकं वाचली, गावोगाव गळा फाडला. आणि माझ्या सगळ्यांत भल्या माणसानं त्यातून हे उचललं, की वेळ आली तर झाडूवाल्या बाईचा बळी द्यावा.

मंजू, त्या सकाळी तू फोनवर ओरडली होतीस, "दादा, एकशे एक ताप आहे, घरात बस." मी म्हणालो, मी नसलो तर सह्या होतील. गोळी घेतली. तासाभरात कपाळ थंड झालं, बंदुकीनं आत सोडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चौदा जणांच्या कानाला तोंड लावलं. आजारी पडलेले नऊही त्यांतलेच. नागूबाई त्यांत नव्हती. झाडणाऱ्या बाईची सही मोलाची असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुझ्याकडं येऊन तपासून घेतलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तुझ्याच वॉर्डात आठ दिवस पडलो. आई तेव्हा येडशीला मावशीकडं होती, हे नशीब. गिरणीत सांगितलं, कामगार कचेरीत खेटे घालत होतो. आणि गेल्या आठवड्यात तुला म्हणालो, तो रिपोर्ट फाडून टाक. तू फोन ठेवलास. बरं केलंस.

सोमवारी मी सांगणार आहे. मागण्या कदाचित फेकल्या जातील. मी म्हणू शकेन, की एका गोळीनं तुमची बंदूक फसते, जिथं ताप लपवावा लागतो तिथं रोग थांबत नाही. ते खरंही आहे. पण बघ, कबुलीच्या आधी भाषण तयार! मला याचीच भीती वाटते. समोर माणसं दिसली की माझी जीभ टाळ्यांच्या वाटेला लागेल, आणि 'मी केलं' याचं 'आपल्या सर्वांकडून घडलं' होऊन जाईल.

म्हणून तो रिपोर्ट गुंडाप्पाजवळ दे. पाकिटात घालू नकोस, उघडाच दे. त्याला वाचू दे. शनिवारी संध्याकाळी तो परतला की चार जणांना सांगेल, ते चाळीस जणांना सांगतील, आणि सोमवारपर्यंत मला माघारी फिरायला वाट राहणार नाही.

फाडला असशील, तर तूच ये.

नागूबाईचा आणि तुझा अपराधी,
योगीराज