इंग्रजीत ळ नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार

चव्वेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावरचं छोटं ऑफिस, खिडकीतून डोंगर दिसतो आणि चहा खरोखर चांगला आहे. मालक विद्याधर सर. शेजारी केयूर बसतो. त्याने तासाभरात मला संघमित्रा मॅडमची मित्राताई करून टाकलं.

आमचं सॉफ्टवेअर डायलिसिस सेंटरांसाठी आहे. उद्या कोणत्या पेशंटला कोणतं मशीन, हे ते ठरवतं. भांडुपच्या सेंटरलाही हेच आहे, म्हणजे आईची सोमवार-बुधवार-शुक्रवारची पाळीसुद्धा यातूनच निघते. कोड सहा वर्षांचा, येईल त्याने ठिगळ लावलेला. तो मी साफ करायचा. मला हे काम मनापासून आवडतं. भांडी घासून पालथी घालावीत तसा कोड ठेवावा, पुढच्या बाईला वास घेऊन बघावं लागू नये. आणि नावात जे म्हटलंय तेवढंच प्रत्येक फंक्शनने करावं.

संध्याकाळी आईच्या डाव्या हातावर बोटं ठेवली. डायलिसिससाठी तिथली शीर जोडलेली आहे, आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. ती घुरघुर लागली की मी जेवायला बसते.

८ जानेवारी, बुधवार

एक विचित्र फंक्शन सापडलं. नाव kal. फक्त अकरा ओळी, पण सत्तेचाळीस ठिकाणी वापरलंय. उद्याच्या यादीतून ते काही नावं वगळतं. वर इंग्रजी अक्षरांत सूचना: हात लावू नये, जानकी.

केयूर म्हणाला, हिंदीतलं कल आहे गं, उद्या न येणारे. सर म्हणाले, हट्, जानकी आपली डोंबिवलीची, मराठीतलं काल आहे, काल न आलेले. दोघं यावरून पंधरा मिनिटं भांडले. मी म्हटलं, सहा वर्षं तुम्हाला काल आणि उद्या यातला फरक कळला नाही? सर म्हणाले, चालतंय ना, मग कशाला किडे करतेस.

ज्या जानकीने हे लिहिलं तिलाच विचारावं म्हटलं, तर केयूर म्हणाला, ती नाही आता. तिचंही डायलिसिस चालायचं, भांडुपलाच. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

९ जानेवारी, गुरुवार

kal एकटंच चालवून पाहिलं. एक नाव आलं: कुंडलिक, भांडुप, उद्या सकाळची पाळी. आईच्याच पाळीतले, चेहऱ्याने ओळखते. या अकरा ओळी कुठलीच यादी वाचत नाहीत. मग नाव आणतात कुठून? कोडमध्ये भुतं नसतात, आळशी माणसं असतात. शोधून काढीन.

१३ जानेवारी, सोमवार

आईला सोडायला सेंटरवर गेले होते. तिथल्या टेक्निशियन लताताईंना सहज विचारलं. म्हणाल्या, कुंडलिककाका शुक्रवारी पहाटेच गेले हो, पाळीच्या आधी.

ऑफिसात भांडुपची जुनी नोंद उघडली. सहा वर्षांत kal ने चारशे बारा नावं वगळली आहेत. त्यातलं एकही पुन्हा कधी मशीनवर आलेलं नाही. जानकीचं नावही त्यात आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

माझी एक सवय आहे: प्रत्येक फंक्शनचं नाव देवनागरीत लिहून पुढे अर्थ लिहायचा. आज kal वर आले. काल लिहिलं, खोडलं. कल लिहिलं, खोडलं. मग हात थांबला. इंग्रजीत ळ नाही.

काळ.

नावात जे म्हटलंय तेच ते करत होतं.

चालवलं. उद्यासाठी एकच नाव: वनमाला. माझी आई.

सर म्हणाले, हात लावू नकोस, सगळ्या सेंटरांची वाट लागेल. मी म्हटलं, लागू दे. नोकरी घ्या हवी तर. अकरा ओळी पुसल्या, त्या परत आल्या. तीनदा. मग म्हटलं, नावाप्रमाणेच वागतोस ना? मग नावच बदलते.

आई कधी जाते म्हणत नाही. डायलिसिसला निघतानाही उंबऱ्यावर थांबून येते म्हणते. मी चुकून जाते म्हटलं तर परत बोलावून दुरुस्त करून घेते.

सत्तेचाळीस ठिकाणी kal काढलं. yete लिहिलं. या वेळी नाव टिकलं. यादीत आई आहे.

१५ जानेवारी, बुधवार

आई डायलिसिसहून आली. पिठलं-भाकरी जेवली. मी जिंकले.

१६ जानेवारी, गुरुवार

तिच्या हातावर बोटं ठेवली. घुरघुर नाही. हात गार. काल दुपारपासून असेल – मी पाहिलंच नाही. पण ती बसलीय समोर, मेथी निवडतेय. विचारतेय, अशी काय बघतेस.

लताताईंचा फोन. मशीन बारा, आणि उद्या सकाळच्या यादीत नावं चारशे पंचवीस. तुमच्या सॉफ्टवेअरने काय घोळ घातलाय हा?

मी नाव बदलणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार. सेंटर, सकाळी सात

वही मांडीवर, लॅपटॉपही. बाकं भरलीत. जिन्यावरही बसलेत. प्रत्येकाने डावी बाही वर केलीय – कुंडलिककाका ओळखले. त्यांच्या शेजारची बाई माझ्या स्क्रीनकडे बघतेय. जानकी असावी.

सरांचा फोन. जुनं नाव टाक, आत्ता. टाकलं की हे सगळे जातील. आईही. नाही म्हटलं.

लताताईंनी आईला सुई टोचली. रक्त नाही. आई बघत राहिली. मग या सगळ्यांकडे बघितलं –

ती उठलीय. म्हणते, मित्रा, दमलीत गं ही माणसं. सोड.

नाही सोडणार.

तिचा हात लॅपटॉपवर. k – a – मी तिचं बोट धरलंय, ती हळूच सोडवून घेते – l. बाकं रिकामी होतायत.

दारात थांबलीय. म्हणाली, जाते.

जाते नाही म्हणायचं, आई. तूच ना – मागे फिर, नीट म्हण. ये –