तुझी ताटली

पोलादपूर,
कार्तिक वद्य अष्टमी, शके १८५५

चि. मुरारीस,

पाकिटावर तुझं नवं नाव, मुरारसिंग, घातलं आहे, नाहीतर पोस्टमन तुला शोधत बसायचा. आत मात्र जुनंच लिहिते, तेवढं चालवून घे. इकडे आम्ही खुशाल आहोत. तूही खुशाल असशील असं धरून चालते, कारण वैशाखापासून तुझ्या दोन ओळीही नाहीत.

भाताची झोडणी संपली. यंदा पेंढा चांगला निघाला. खालच्या तुकड्यात वाल पेरले आहेत. कपिला व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. शेजारच्या ठमाबाईचा गुडघा अजून दुखतो, पण त्या गुडघ्यावर ती गावभर फिरून येते. तुझ्या आबांचा खोकला कमी आहे. मुंबईतली तुझी खोली बदलली का? कर्तारसिंग मिस्त्री बरे आहेत ना? मागच्या वर्षी तुला विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी गुरुद्वारातून पातळ खिचडी आणून महिनाभर तुला भरवली, हे मी विसरलेले नाही. आम्हाला कळवलंस ते उशिरा, तरी ताप उतरला नव्हता. तेव्हाच मी देवीला बकरं बोलले.

तर तेच लिहायला बसले आहे आणि कालवडीचं सांगते आहे.

नवस फेडला त्या दिवशीचं तुला ठाऊकच आहे, पण मला कसं दिसलं ते सांगते. तू वैशाखात आलास, दाढी राखलेला, डोक्याला फेटा, कमरेला लहानशी कृपाण. आम्ही ओटीवरच थबकलो. आबा पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या बाबांचं पागोटं ह्याच्याहून मोठं व्हतं." आणि आत गेले. मला वाटलं, झालं, कठीण ते संपलं. मी चुलीपाशी तुला हळूच विचारलंही होतं, "तुमच्यात मटण चालतं ना रे?" तू म्हणालास, "चालतं, आई." मी निश्चिंत झाले. वाटण वाटताना मी गुणगुणत होते, असं ठमाबाई सांगते.

पंगतीत सगळी भावकी बसली होती. तुझ्यापुढे तुझीच ताटली मांडली होती, मामानं बारशाला दिलेली, तुझं नाव कोरलेली. भातावर रस्सा मीच वाढला. तू ताटाकडे बघितलंस, मग ओटीकडे बघितलंस, मग हात जोडून ताट पुढे सारलंस. "आई, मला हे नको."

आबा म्हणाले, "नवसाचं हाय. तुझ्या जिवासाठी बोललेलं हाय."

आबांनी हातातला घास खाली ठेवला.

"मुंबईचा देव मोठा झाला, आन आमची देवी बारीक? मग जेव जा तिकडंच!"

तू काही बोलला नाहीस. बोलला असतास तर भांडण झालं असतं, पण भांडण मिटतं. तू पिशवी उचलून घाटाखालच्या वाटेला लागलास आणि माझ्या हातात वाढायची पळी तशीच राहिली. त्यानंतर आबांनी घरात तुझं नाव घेतलं नाही. तुझी ताटली मी घासून फळीवर पालथी घातली. तिच्यात कुणी जेवलं नाही.

मुरारी, मला राग आला नव्हता. मला वाटलं होतं की माझ्या हातचं तुला आता ओंगळ वाटतं. दुसऱ्यांनी भरवून जगवलं, मग आईच्या हातचं कशाला, असं. हे मी कुणापाशी बोलले नाही. भाकरी थापताना मात्र रोज मनात यायचं.

आता पुढचं सांगते, ते चांगलं आहे.

पावसात महाबळेश्वरच्या रस्त्याची एक कड ढासळली. ती बांधायला ठेकेदारानं माणसं आणली. त्यांत शीख मिस्त्री आणि मोटारवाले आहेत. नदीपलीकडे त्यांची राहुट्यांची वस्ती आहे. दूध आपल्याकडूनच जातं. एक म्हातारे बाबा, बिशनसिंग त्यांचं नाव, ते तिथला स्वयंपाक बघतात आणि पोथीही वाचतात. ते दूध घ्यायला आले की मी दाराआड व्हायची. त्यांचा फेटा बघितला की तुझाच दिसायचा.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं की उद्या आमच्या गुरूंचा जन्मदिवस, लंगर आहे, गावानं जेवायला यावं. ठमाबाई म्हणाली, "गो तुळजे, चल. फुकट गव्हाची रोटी कोण सोडतो?" मी म्हटलं, परक्यांच्या भांड्यात कसं जेवायचं? ती म्हणाली, "मग आपली ताटली ने की!" तेव्हा मी फळीवरून ताटली घेतली, फडक्यात बांधली आणि निघाले. तुझीच घेतली. दुसरी घेतली असती तर घरात एक कमी पडली असती, असं मी स्वतःला सांगितलं.

तिथे जमिनीवर लांबच लांब पट्ट्या अंथरल्या होत्या. ते लोकही त्याला पंगतच म्हणतात. ठेकेदाराचा मुकादम, दगड फोडणाऱ्या बाया, आपले कुशाबा पाटील, सगळे एकाच पट्टीवर. मोटारवाला माणूस, भलादांडगा, गुडघ्यावर बसून पोळपाटावर रोट्या लाटत होता. मला हसू आलं. तुझ्या आबांना चूल कुठल्या बाजूला पेटवतात तेही माहीत नाही.

मी ताटली पुढे केली. बाबांना वाटलं, मी सगळ्यांसाठी भांडं दिलं. "शाबास, बेटी," म्हणाले आणि ती नेऊन ढिगात टाकली. मी "अहो, ती माझी" म्हणेपर्यंत वाढप सुरू झालं. माझ्यापुढे कुणाची तरी जर्मन धातूची थाळी आली. आणि तुझी ताटली कुणापुढे गेली सांगू? चंद्रभागेपुढे. महारवाड्यातली चंद्रभागा, ती तिथे खडी फोडायला जाते. माझ्याच शेजारी तिला बसवली होती.

ती ताटलीवरची अक्षरं बोटानं चाचपत होती. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "काय लिवलंय गो बाय?"

मी म्हटलं, "माझ्या लेकाचं नाव आहे."

तिनं हात असा काढून घेतला, जसं भाजलं. "मंग म्या हिच्यात कशी जेवू? तुम्ही घ्या माघारी."

अर्धा क्षण, मुरारी, मलाही तेच वाटलं. घ्यावी माघारी. खोटं कशाला लिहू. पण रोटी देणारा समोर आला होता, आणि रोटी तिथे दोन्ही हात पुढे करून घ्यावी लागते. तिनं हात पुढे केले, मीही केले. हात गुंतले की ताटं कशी बदलणार? मी म्हटलं, "जेव तू. तो आजाऱ्याला खिचडी भरवणाऱ्या लोकांत राहतो. त्याला चालेल." आम्ही जेवलो. हरभऱ्याची डाळ, दुधीची भाजी, खीर. खीर आपल्याच दुधाची होती, तरी वेगळी लागली. शेवटी त्यांनी तुपातला शिरा ओंजळीत दिला. मी तीर्थाला करतात तसा एकच तळवा पुढे केला, तेव्हा चंद्रभागेनं कोपरानं मला ढोसलं, "दोनी हात, बाय." ती वस्तीवर आधीही जेवली होती, तिला रीत ठाऊक होती.

आपल्या विहिरीवर ती अजून लांब उभी राहते आणि मी तिच्या घागरीत पाणी ओतते. हे आता मला रोज दिसतं. पूर्वी दिसायचं नाही. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

जेवण झाल्यावर धीर करून बाबांना विचारलं, "बाबाजी, तुम लोक बकरं खाता ना? मग आज का नाही केलं?"

ते म्हणाले, "लंगर में कभी नहीं, बेटी. यहां सब बैठते हैं. कोई खाए, कोई न खाए. दाल सबकी."

"आणि घरी?"

"जिसकी मर्जी." मग त्यांनी हातानं दाखवलं, एकच घाव. तसं कापलेलंच चालतं. कलमा म्हणून कापलेलं मात्र अमृत घेऊन तुझ्यासारखा शीख झालेला माणूस खात नाही, आणि तंबाखूला तर शिवतही नाही. हे दोन्ही त्यांच्यात मोठे नेम. राग कुणाचा नाही म्हणाले, नेम म्हणजे नेम.

मी ढिगातून तुझी ताटली शोधून काढली आणि फडक्यात बांधली.

अरे, देवीचं बकरं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलाणीच कापतो. त्याचे शब्द म्हटल्याशिवाय सुरी लावायची नाही, हा गावाचाच शिरस्ता. हसनचाचांच्या बापानं कापलं, आता हसनचाचा कापतात. आपण त्याला कुणाचा धर्म म्हणत नाही, बकरं कापायची रीत म्हणतो. मला स्वप्नातही आलं नसतं की तू अडशील ते तिथे.

आणि मग तू ओटीकडे का बघितलंस तेही कळलं. ओटीवर हसनचाचा जेवायला बसले होते. त्यांनी तुला खांद्यावर बसवून महाडची जत्रा दाखवली आहे. त्यांच्यादेखत तुला कसं म्हणता आलं असतं, की तुमच्या हातानं कापलेलं मी खात नाही? म्हणून तू गप्प बसलास. बापाचं बोलणं खाल्लंस, पण त्यांना दुखावलं नाहीस. मी नदीवरून घरी येईपर्यंत रडत होते, आणि ते रडणं चांगलं होतं. माझ्या हातचं तुला ओंगळ वाटलं नव्हतं.

घरी पोचायच्या आत ठमाबाईच्या गुडघ्यानं बातमी पोचवली होती. आबा ओटीवर बसले होते. मी ताटली धुऊन फळीवर ठेवायला निघाले तर म्हणाले, "थांब. कुणाच्या शेजारी जेवलीस ते गावानं सांगितलं. काय जेवलीस ते तू सांग."

मी सगळं सांगितलं. डाळीपासून कलम्यापर्यंत. सकाळी आबा न्याहारी न करता उठले आणि थेट मुलाणवाडीत गेले. परत आले ते हसनचाचांना घेऊन. चाचांचा आवाज बांधावरूनच ऐकू येत होता.

"सया, अरे पोर माझ्यासाठी गप बसला, आन तू त्याला भायेर काढलास? गाढवा, तुला दाढी हाय का अक्कल?"

आबा म्हणाले, "दाढी नाय मला."

"तेच म्हणतो मी!"

मी चहा ठेवला. चाचा चुलीच्या बाजूला तोंड करून मला म्हणाले, "वहिनी, पोरानं माझी सुरी नाय टाकली. त्याचा नेम पाळला. मी पण माझा पाळतो की. रोज्यात तुम्ही मला किती येळा जेवा म्हटलंत, जेवलो का मी? तवा नाय राग आला तुम्हाला." थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाले, "येऊ द्या त्याला. त्याला डाळ वाढा, मला मटण वाढा. पंगत एक आसली म्हंजे झालं."

"आन नवस?" आबांनी विचारलं. इतके महिने तेच त्यांना सलत होतं. नवसाचं टाकलं म्हणून देवी तुझ्यावर कोपेल ही धास्ती होती त्यांना, राग वरवरचा होता. मलाही तेव्हाच कळलं.

चाचा म्हणाले, "पोर जगला, देवीला बकरं पोचलं. मटण कोणी खाल्लं त्ये देवी कशाला बघंल?"

आबांनी इतका मोठा श्वास सोडला की मांजर उठून गेलं.

त्या दुपारी जेवायला बसताना त्यांनी फळीवरून तुझी ताटली स्वतः काढली. मी म्हटलं, "अहो, ती लंगरात..." ते म्हणाले, "ठाव हाय. वाढ." आणि जेवले. नेहमीपेक्षा एक भाकर जास्तच. भावकीतले दोघेतिघे आता आपल्याकडे पाणी पीत नाहीत. आबा म्हणतात, पाणी वाचलं.

तू ये, असं त्यांनी म्हटलेलं नाही, हेही खरं ते सांगते. पत्र लिहिते आहे म्हटलं तर "लिही" म्हणाले आणि बैलांकडे गेले. पण परवापासून त्यांची तंबाखूची चंची ओटीवर दिसत नाही. गोठ्यात, पार मागच्या खुंटीला टांगली आहे. तलफ आली की तिकडे जातात, चूळ भरून घरात येतात. मी विचारलं, "चंची तिकडे का नेलीत?" तर म्हणाले, "ओटीवर उंदीर झालेत."

उंदीर तंबाखू खातात हे मला या वयात कळलं.

तेव्हा पौषात दोन दिवसांची रजा काढून ये. ओटी स्वच्छ आहे. वालाला तोवर शेंगा धरतील. कर्तारसिंगांनाही आण, त्यांच्या ऋणात आहोत. आणि येण्याआधी नुसतं "चालतं" असं लिहू नकोस. काय चालतं, काय नाही, कसं चालतं, सगळं नीट लिही. आबांना वाचून दाखवीन. ते ऐकत नाहीत असं दाखवतील, आणि ऐकतील.

फळीवर तुझी ताटली आता उताणी ठेवली आहे.

या वेळी आधी विचारून रांधणारी,
तुझी आई