सुंदराआत्याचा मॅनेजर

सुंदराआत्या, पाया पडतो.

तू दम्याचा पंप एक दिवसाआड ओढतेस आणि औषधाच्या सरकारी मदतीचा तुझा अर्जही परत आला, हे शेजारच्या निकिताने फोनवर सांगितलं. तसा मी चांदवडहून तडक नाशिकला आलो. तडक म्हणजे, वाटेत एकाचा बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलला, मग त्याने जेवू घातलं, ते जाऊ दे.

आधी तलाठ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "रेशनकार्डावर तुम्ही दोघं. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यात तुझा पगार धरला. आत्याबाईच म्हणाल्या, भाचा हॉटेलात मॅनेजर आहे, एसीत बसतो."

आत्या, तो एसी मीच फोनवर लावला होता, तुला घोर नको म्हणून. मी तिथं ताटं उचलायचो, तेही दिवाळीत सोडलं. आता मिळेल ते करतो.

हे सगळं खरंखरं लिहून सही केली. तलाठी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मालकच का नाही झालास?"

"आत्यानं गल्लीत पेढे वाटले असते, साहेब."

नवा दाखला मिळाला, अर्ज मंजूर झाला, गेल्या आठवड्यात पंपही आला. तुला मात्र सांगितलं, तलाठ्यांचीच लिहिण्यात चूक झाली होती. आज तू त्यांना अर्धा तास शिव्या घातल्यास, एकदाही न खोकता.

मग हे पत्र माझ्या खिशातच राहू दे. गल्लीभर सांग, भाचा मॅनेजर आहे. फक्त तलाठ्यांना सांगू नकोस.

तुझाच,
भावड्या